बचावफळीतलं काळं बटण

मी एक बटण बोलतोय. तोंड मला नाही, चार भोकं आहेत; त्यांतूनच काय ते बोलतो. रंग काळा, आकार मनगटी घड्याळाच्या तबकडीएवढा, आणि एका कडेला टवका उडालेला. स्वभावाचं म्हणाल तर मी मत्सरी आहे. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, म्हणजे पुढे माझ्याकडून मोठेपणाची अपेक्षा राहायची नाही.

एका कारखान्यात गरम साच्यात दाबून आम्हा बारा भावंडांना एका दमात जन्माला घातलं आणि पुठ्ठ्यावर टाचलं. तो पुठ्ठा एका शिंप्याने विकत घेतला. सगळे त्यांना मास्तर म्हणतात. एका लांब कोटाला सहा बटणं गेली, दुसऱ्याला पाच, आणि मी एकटा उरलो. उरलेल्या बटणाचं दुःख तुम्हाला नाही कळायचं. लग्नाच्या पंगतीत वाढता वाढता आपल्याच पानापाशी भांडं रिकामं व्हावं, तसं वाटलं मला. मास्तरांनी मला बिस्किटांच्या जुन्या डब्यात टाकलं आणि विसरून गेले.

डब्यात माझं आयुष्य कुजायचंच, पण मास्तरांना फुटबॉलचं वेड होतं. गावाच्या क्लबच्या जर्सी त्यांच्याकडेच शिवायला आणि दुरुस्तीला यायच्या. दर शुक्रवारी संध्याकाळी इस्त्री बंद झाली की कटिंगचं टेबल मोकळं व्हायचं. मास्तर खडूने त्यावर मैदान आखायचे आणि डबा उपडा करायचे. आमच्यातले अकरा जण आपला संघ, आणि शर्टाची पांढरी बटणं म्हणजे समोरचा. एका शुक्रवारी त्यांनी मला उचललं, तळहातावर तोललं आणि बचावफळीच्या बरोबर मधे ठेवलं.

"हा आपला कॅप्टन," ते म्हणाले. "जड आहे. हलायचा नाही."

तेव्हापासून नऊ वर्षं मी क्लबचा स्टॉपर होतो. खरा कॅप्टन मैदानावर आणि मी टेबलावर. त्याचा गुडघा दुखावला त्याच महिन्यात माझ्यावर इस्त्री पडून टवका उडाला, तेव्हा सगळे थक्क झाले होते. तो चार महिने घरी बसला, तर मलाही चार महिने खिडकीत बसवून ठेवलं. इतका मान कुठल्या बटणाला मिळतो?

टेबलाभोवती माणसं मोजकीच. मास्तर. त्यांची थोरली बहीण, ताई; दुकानातलं काज-बटणाचं सगळं काम तिच्याकडे. आणि शेजारचे घड्याळजी, जे डोळ्याला भिंग लावूनच यायचे आणि ते काढायला विसरायचे. तिघं तासन्‌तास बचावाची चर्चा करायचे. त्यांचं एक ठाम मत होतं, की आपला डावा बॅक जागेवर राहत नाही, सारखा बाहेर सरकतो. बिचाऱ्याने नऊ वर्षं शिव्या खाल्ल्या. वास्तविक टेबलाचा डावीकडचा एक पाय आखूड होता, त्यामुळे तिथे ठेवलेलं प्रत्येक बटण घसरायचं. हे मला दिसत होतं, पण मी कशाला बोलू? दुसऱ्याला शिव्या बसतात तोवर आपलं बरं चाललेलं असतं.

मग एकवीस वर्षांनी आमचा क्लब अंतिम सामन्यात पोचला. सामना रविवारी होता. त्याआधीच्या शुक्रवारी दुकानात ताईचा जावई आला.

लग्नाला तीन महिने झाले होते. लग्नातला कोट मास्तरांनी शिवला होता, आणि भाचीच्या नवऱ्याचा म्हणून त्याची बटणंसुद्धा ताईला हात लावू न देता स्वतः हौसेने लावली होती. जावयाने खिशातून त्यातलंच एक बटण काढलं. पितळी, घुमटासारखं फुगीर, पाठीला कडी असलेलं.

"मामा, हे निघालं बघा. जरा लावून द्याल?"

ताईला हसू आवरेना. मास्तरांचा चेहरा पडला. "तुम्ही कोट घालून कुस्ती खेळता काय, जावईबापू?" असं काहीतरी पुटपुटून ते खडूने मैदान आखायला लागले. जावई टेबलाशी आला, आम्हा सगळ्यांना न्याहाळलं, आणि माझ्याकडे बोट करून विचारलं, "हा कोण?"

"कॅप्टन," घड्याळजी अभिमानाने म्हणाले.

"रविवारी ह्याला खेळवणार?"

कुणी असा प्रश्न विचारू शकतो, हेच मला ठाऊक नव्हतं.

"त्यांचा फॉरवर्ड काय पळतो, पाहिलंय ना मामा? कॅप्टन वळेपर्यंत तो गोलात असेल. कॅप्टनला बसवा. तो नवा बावीस वर्षांचा स्टॉपर आहे ना, त्याला मधे घ्या आणि सगळी लाईन वर ढकला. फॉरवर्ड आपल्या लाईनच्या मागे ऑफसाईडमधे सापडत राहील, आणि शिट्टी वाजेल."

"आणि एकदा नाही सापडला तर?" मास्तर म्हणाले. "मागे मोकळं रान! तुम्ही काल बघायला लागलात फुटबॉल. कॅप्टन पळत नाही, कारण त्याला पळावं लागत नाही. बॉल कुठे येणार ते त्याला आधी कळतं."

"कळतं हो. पण पोचायला नको का?"

घड्याळजी हसले. ताईसुद्धा हसली. नऊ वर्षं या टेबलावर मास्तरांचा शब्द शेवटचा असायचा, आणि परवा घरात आलेल्या माणसाच्या वाक्यावर त्यांची सख्खी बहीण मान डोलावत होती. मास्तरांना काय झोंबलं ते मला नेमकं ठाऊक आहे, कारण मलाही तेच झोंबलं होतं. जावयाने मला दोन बोटांनी बाजूला सरकवलं आणि माझ्या जागी ते पितळी बटण ठेवलं.

मी जळलो. बल्बखाली ते कसं चकाकत होतं! मैदानात उभं आहे की लग्नात मिरवतंय, तेच कळेना. घड्याळजी भिंगातून बघत "काय देखणं आहे हो!" म्हणाले. नऊ वर्षांत मला कुणी देखणं म्हटलेलं नाही.

शेवटी घड्याळजींनीच तोड काढली. "भांडता कशाला? टिचकी मारून बघू. दहा-दहा वेळा. जो जास्त अडवेल तो मधे. आणि जे ठरेल ते उद्या सरांना सांगायचं. मास्तर, कबूल?"

सर म्हणजे क्लबचे प्रशिक्षक. प्रत्येक मोठ्या सामन्याच्या आदल्या दिवशी ते जर्सी न्यायला यायचे आणि हसत विचारायचे, "काय मास्तर, डबा काय म्हणतो?" ते हसत विचारायचे खरे, पण उत्तर ऐकून घ्यायचे. चारदा डब्याचं म्हणणं खरं ठरलं होतं. म्हणजे या टिचक्यांवर माझी जागा ठरणार होती, आणि कदाचित कॅप्टनचीही.

"कबूल," मास्तर म्हणाले.

समोरच्या फॉरवर्डसाठी शिंपल्याचं एक चपटं, गुळगुळीत बटण निवडलं. ताईचा नेम चांगला म्हणून टिचकी तिची. मी जीव तोडून उभा राहिलो. दहांतले पाच अडवले, पाच बाजूने निसटले. मग पितळीची पाळी आली. त्याने आठ अडवले.

अडवले कसले! पाठीला कडी असल्यामुळे ते सपाट बसतच नव्हतं. एका अंगावर कलून उभं होतं. शिंपल्याचं बटण त्याच्या उचललेल्या कडेखाली शिरायचं आणि अडकायचं. त्यात त्याचं काय कर्तृत्व? पण ते भिंगवाल्या माणसालाही दिसलं नाही, आणि मला ओरडता येत नव्हतं. "आठ!" जावई ओरडला, आणि ताईने त्याच्या पाठीवर थाप मारली. मास्तर खडूचं मैदान पुसायला लागले.

शनिवारी दुपारी सर आले. अंगावर लांब काळा कोट. त्यावर माझीच भावंडं होती, पाच. वरून दुसरं गळून गेलेलं. सरांनी कोट काढून ताईपुढे ठेवला. "तेवढं एक बटण लावा, ताई. उद्या फोटो निघतील." आणि मास्तरांकडे वळून म्हणाले, "काय, डबा काय म्हणतो?"

मी डब्यात सगळ्यांत वर होतो. झाकण उघडं होतं. मास्तरांनी माझ्याकडे पाहिलं, आणि मी मनातल्या मनात ओरडलो, "मला सांगा! मला!"

"कॅप्टन," मास्तर म्हणाले. "डबा म्हणतो, मधे कॅप्टनच."

सर म्हणाले, "असं? माझं ठरत नव्हतं. झालं तर मग. कॅप्टनच." आणि ते आत जाऊन जर्सी मोजायला लागले.

मला काय आनंद झाला म्हणून सांगू! पितळी माझ्या शेजारीच पडलं होतं. त्याला ऐकू गेलं असेल, याची मी खात्री करून घेतली.

ताईने मात्र सुई खाली ठेवली. "तू खोटं बोललास," ती हळूच म्हणाली.

"अगं, त्याला काय कळतंय? काल आलेला—"

"जावयाचा राग मैदानावर काढतोस?" ती म्हणाली. डब्यात हात घालून तिने मला उचललं. "एवढा मधे पाहिजे ना तुला हा? मग जाऊ दे मैदानावरच."

"ताई, ते नको! ते आपलं—" मास्तर ओरडले, पण तेवढ्यात सर जर्सींचा गठ्ठा घेऊन बाहेर आले आणि त्यांना गप्प बसावं लागलं. ताईने मेण लावलेला दोरा चारही भोकांतून असा ओढला, की माझा श्वास कोंडला. मग दोरा दातांनी तोडला.

अशा रीतीने मी अंतिम सामन्याला गेलो; सरांच्या छातीवर, राखीव खेळाडूंच्या बाकाशी. खरं मैदान मी पहिल्यांदाच पाहत होतो. ते केवढं लांबरुंद असतं! मधे कॅप्टन उभा होता, माझा कॅप्टन. मी फुगून गेलो.

विसाव्या मिनिटाला त्यांचा फॉरवर्ड कॅप्टनला मागे टाकून गेला. गोल. कॅप्टनला बॉल कुठे येणार ते कळलं होतं. मलाही दिसलं की तो आधीच वळायला लागला होता. पण गुडघा वळत नव्हता. पस्तिसाव्या मिनिटाला पुन्हा तेच झालं. सरांचं काळीज माझ्यामागे धडधडत होतं.

मध्यंतरात कॅप्टन लंगडत आला. "सर, मी काल सकाळी तुमच्या पाया पडून सांगितलं होतं ना, की मला बसवा, त्या नव्या पोराला घ्या? तुम्ही बघतो म्हणालात. मग मला मैदानात का उतरवलंत?"

सर बोलणार तरी काय, डबा म्हणाला म्हणून? त्यांनी कॅप्टनला जवळ घेतलं. त्याचं कपाळ माझ्यावर टेकलं. घामाने ओलं होतं, का आणखी कशाने, ते मी विचारलं नाही.

उत्तरार्धात नवा स्टॉपर उतरला. लाईन वर गेली. फॉरवर्ड तीनदा ऑफसाईडमधे सापडला. पोरगा सुरेख खेळत होता, आणि मला तो बघवत नव्हता. आमचा एक गोल झाला. दोन-एक. मग शेवटच्या मिनिटांत पोरग्याचा पाय घसरला आणि फॉरवर्ड एकटाच गोलाकडे सुटला.

मला आनंद झाला. हे सांगायला लाज वाटते, पण झाला. क्षणभरच, पण पोटभर. तेवढ्यात बाकावरून कॅप्टन दुखऱ्या गुडघ्यावर उडी मारून उठला आणि घसा फाटेस्तोवर ओरडला, "ऊठ रे! ऊठ राजा, अजून पोचशील!" पोरगा उठला, धावला, आणि गोलरेषेवर बॉल अडवला. कॅप्टन रडत टाळ्या वाजवत होता.

सामना आम्ही दोन-एकनेच हरलो. नऊ वर्षं मी कॅप्टनच्या जागी उभा राहिलो, त्याच्या नावाने मिरवलो. आणि हा माणूस कोण आहे, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं.

आता मी सरांच्या घरी दारामागच्या खुंटीवर असतो. सामन्यानंतर आठ दिवसांनी मास्तर आले. बसले नाहीत. "सर, डबा नव्या स्टॉपरला मधे घ्या म्हणाला होता. मी खोटं सांगितलं."

सरांनी खुर्ची पुढे ओढली. मग म्हणाले, "संघ मी निवडतो, मास्तर. डबा नाही. चूक माझी."

मास्तरांनी मान हलवली. जाताना माझ्यापाशी थांबले. "हे बटण... दुसरं लावून देऊ का?"

"कशाला? घट्ट बसलंय की."

"हो," मास्तर म्हणाले. त्यांनी अंगठा माझ्या टवक्यावरून फिरवला. "घट्ट बसलंय." आणि गेले. जाता जाता सांगून गेले, की जावयाने पितळी बटण परत नेलंच नाही. दर शुक्रवारी तेच मधे असतं.

तेव्हा माझी एक विनंती आहे. त्या दुकानावरून कधी गेलात आणि टेबलाभोवती माणसं वाकलेली दिसली, तर आत डोकवा खुशाल. पण ते पितळी चांगलं उभं राहत असेल, तर मला येऊन सांगू नका. आणि ते फसत असेल, तर मुळीच सांगू नका. मला आनंद होईल, आणि तो आनंद आता मला नको आहे.