लंगड्या बाकड्याची फळी, मुक्काम शिवरे

मित्रांनो, कुठंही टेकण्याआधी एकदा खाली बघत जा. आपल्या वजनाखाली कोण आहे हे कळलं, तर निदान चहा तरी सांडणार नाही. मी एक जुनी फळी आहे. पुणे-सातारा रस्त्यावर शिवऱ्याला सगुणाबाईचं चहाचं दुकान आहे. त्याच्या दारातलं बाकडं म्हणजे मी आणि माझे चार पाय. चारातला एक आखूड. त्याच्याखाली विटेचा तुकडा असतो. असतो म्हणजे, असायला हवा.

जन्मानं मी बाकडं नाही. भाटघर धरणाच्या पाण्यावर गेनू नावाड्याची नाव चालायची, तिच्यातली मी बसायची फळी. गेनूनं मला स्वतः तासलं आणि वल्ह्याच्या दोरासाठी कडेला एक भोक पाडलं. दर दसऱ्याला तो मला तेल पाजायचा, झेंडूची माळ घालायचा आणि चढणाऱ्या प्रत्येकाला सांगायचा, "ही फळी हाय म्हणून नाव हाय." पाण्यानं लाकूड फुगतं हे तुम्ही शाळेत शिकला असाल. कौतुकानं त्याहून जास्त फुगतं, हे माझ्याकडून शिका.

तेव्हापासून मी माणसांचं खातं ठेवते. कोण काय बोलतो यावर माझा विश्वास नाही, कोण कसा बसतो यावर आहे. उधारी करणारा मधोमध बसतो. नवी सून कडेला टेकते, अर्धी बसलेली आणि अर्धी उठलेली. भांडून निघालेला माणूस बसतो तेव्हा मला ठोसा बसतो.

एक मुलगी मात्र कुणासारखीच बसायची नाही. बया तिचं नाव. एक गुडघा वर घ्यायचा, आणि एक हात कडेवरून खाली पाण्यात सोडायचा. लग्न होऊन ती राजगडाच्या पायथ्याला, पालीच्या वरच्या वाडीत निघाली, त्या दिवशीसुद्धा तशीच बसली. गेनू म्हणाला, "बये, हात वर घे. मासा न्हील."

"न्हिऊ दे की नाना," ती म्हणाली. "तेवढाच माहेरी राहील."

पुढं पाण्याच्या कडेनं डांबरी रस्ता झाला आणि नावेत कुणी बसेना. नाव काठावर उलटी पडली. शेरडं तिच्या पाठीवर नाचली, मुंग्यांनी माझ्यात घर केलं. गेनू गेला, तेव्हा त्याची लेक सगुणाबाई मला टेम्पोत घालून शिवऱ्याला घेऊन आली. सुतारानं मला पाय लावले, त्यातला चौथा आखूड पडला. सगुणाबाई म्हणाली, "असू दे. नावंतली हाय, डुलायची सवय हाय तिला."

इथं माझे बरे दिवस होते. रस्ता अरुंद होता, पुण्याकडं जाणारी आणि पुण्याहून येणारी, दोन्ही गाड्या सगुणाबाईच्या दारात थांबत. मग रस्ता सहा पदरी झाला. मधे दुभाजक आला, त्यात कण्हेरीची दाट रांग लागली, आणि पुण्याकडं जाणाऱ्या गाड्या पलीकडं गेल्या त्या गेल्याच. सगुणाबाईनं मात्र हे कधी मनाला लावून घेतलं नाही. अजूनही कुणीही विचारलं की ती सांगते, "हितंच थांबा. समद्या गाड्या हितंच थांबत्यात."

ट्रक गेला की मी थरथरते. कंटेनर गेला की भोकापर्यंत हादरते. विटेचा तुकडा सरकत सरकत निसटला आणि मी आणखीच डुगडुगू लागले. चहा सांडला की लोक मला शिव्या द्यायचे आणि उठून जायचे. वाकून वीट सरकवावी असं एकाच्याही मनात आलं नाही. हे सगळं माझ्या खात्यात आहे.

आता त्या दिवसाचं सांगते. सकाळी टॅक्सीतून एक पोरगी उतरली. पाठीला पिशवी, हातात मोबाईल. बसली आणि तिचा पाय हलायला लागला. पायाबरोबर मी, माझ्याबरोबर दुसऱ्या टोकाला बसलेले आनंदराव. हे प्लॉटचे एजंट. गिऱ्हाईक येईपर्यंत माझ्यावर आणि आल्यावर त्याच्या डोक्यावर बसतात.

"पोरी, पाय हलीवला की लक्ष्मी जाती," आनंदराव बशी सावरत म्हणाले.

"माझी यायचीच आहे काका. गेली तर जाईल कुठनं?"

"कुठं निघालीस?"

"दुबईला. नर्सची नोकरी आहे, दोन वर्षांचा करार. सकाळी जयपूरहून पुण्यात उतरले, तिकडं शिकायला होते. पुढचं विमान संध्याकाळी."

"मग इमानतळ सोडून हितं शिवऱ्यात काय इमान उतरतंय का?"

तिनं सांगितलं ते असं. नाव शिवानी, घर पालीच्या वरच्या वाडीत. तिकीट कंपनीनं काढलेलं, मधे पुण्यात दिवसभर थांबणं आलेलं. घरी जाऊन यावं, तर वेल्ह्याच्या वाटेवर पुलाचं काम चाललेलं, गाडी अडकली की विमान गेलं. म्हणून आईनंच सांगितलं होतं, तू वर येऊ नको, मीच खाली शिवऱ्याला येते. आई पहाटे दुधाच्या टेम्पोत बसली होती. आईकडं मोबाईल नव्हता.

"येईल की मग," सगुणाबाई म्हणाली. "हितंच थांब. समद्या गाड्या हितंच थांबत्यात."

पोरीनं विश्वास ठेवला. म्हातारीचा चेहराच तसा आहे.

दूधवाल्या पप्पूचा मोबाईल लागेना. घरच्या मोबाईलवर लावला, तर मेंढरांमागं गेलेल्या आबांचा, तिच्या वडिलांचा, आवाज तुटत तुटत आला. "निघाली की पहाटंच... तू काय सांगितलंस तिला?"

"मी सांगितलं, उतरशील तिथंच बस, हलू नको."

"मग न्हाई हालायची ती," आबा म्हणाले, आणि आवाज गेला.

ऊन चढलं. शिवानी उठली, आमच्या बाजूची सगळी हॉटेलं पायी पालथी घालून आली, पुन्हा बसली, पुन्हा उठली. ती उठली की दुसरं टोक खाली जायचं आणि आनंदराव घसरायचे. तिसऱ्यांदा घसरल्यावर ते म्हणाले, "पोरी, एक तर तू बस, न्हाई तर मला पडून तरी राहू दे."

ती हसली नाही. बसली, आणि बसताना नकळत एक गुडघा वर घेतला. एक हात माझ्या कडेवरून खाली सोडला. बोटं हवेत अशी हलली, जशी पाण्यात हलतात.

मित्रांनो, माझ्या अंगात जुनं पाणी भरल्यासारखं झालं. ही तर बयाची लेक.

आणि तेव्हा मी नीट समोर पाहिलं. एक गोष्ट ध्यानात घ्या. माणसांचे डोळे असतात कण्हेरीच्या पानाएवढ्या उंचीवर, म्हणून त्यांना पलीकडचं दिसत नाही. माझी उंची बुंध्याएवढी. खाली कण्हेर उघडी असते, नुसत्या काटक्या. त्या काटक्यांमधून, गाड्यांच्या चाकांमधून, मला पलीकडच्या कडेला मैलाचा दगड दिसतो. त्या दगडावर सकाळपासून एक बाई बसलेली होती. मांडीवर फडक्यात बांधलेला डबा. एक गुडघा वर. एक हात खाली सोडलेला, बोटं धुळीत. नाव सोडून किती वर्षं झाली, पण हिचं बसणं अजून नावेतलंच.

ती पुण्याकडं जाणाऱ्या टेम्पोतून आली, म्हणून पलीकडं उतरली. लेकीनं हलू नको म्हटलं, म्हणून हलली नाही. लेक पुण्याकडून आली, म्हणून अलीकडं. मधे सहा पदरी पाणी, आणि नाव म्हणून उरलेली मी एकटी, लंगडी.

मला ओरडता येत नाही. डुगडुगता येतं, ते मी केलं. कंटेनर गेला तेव्हा केलं, आनंदराव खोकले तेव्हा केलं. शिवानीनं टॅक्सीवाल्याला मोबाईल लावला. "दादा, निघावं लागेल आता. या घ्यायला." तिचा आवाज सरळ होता, पाय मात्र थांबत नव्हता. सगुणाबाईनं तिच्या हातात न मागता चहा दिला. मी हलले, चहा सांडला.

मी शिवीची वाट पाहिली. तिनं पेला खाली ठेवला. "मावशी, हिचा एक पाय आखूड आहे."

"व्हय गं. इटकूर निसटलंय. कोण वाकतंय?"

ती वाकली. गुडघ्यावर बसून तिनं विटेचा तुकडा शोधला, माझ्या पायाखाली सारला, हातानं दाबून बघितला. पायाशी गाल टेकवून तुकडा सरळ बसला का ते पाहिलं. आणि तशीच राहिली.

"आनंदराव काका," ती हळूच म्हणाली, "पलीकडं दगडावर कोण बसलंय?"

"मला कण्हेर दिसतीया."

ती उठून पळाली. महामार्गाच्या पुलाखालून पलीकडं जाऊन यायला कितीसा वेळ लागतो, पण ट्रकांच्या चाकांमधून बघणाऱ्याला फार लागतो. बया आधी उठली नाही. लेकीनं दंडाला धरल्यावर उठली.

दोघी माझ्यावर येऊन बसल्या. टॅक्सी समोर उभी राहिली.

"सकाळपासनं बसलीस? पलीकडं कुणाला विचारायचं तरी," शिवानी म्हणाली.

"तूच म्हनलीस हलू नको. हलले असते तर तूच वरडली असतीस." बयानं फडकं सोडलं. "खरवस हाय. म्हस येली. लवकर खा, उन्हानं आंबट व्हतोय का काय."

झालाच होता आंबट. शिवानीनं सगळा खाल्ला, डबा बोटानं पुसून खाल्ला. आनंदरावांनी हात पुढं केला, तो तिला दिसलाच नाही.

बयाचा हात सवयीनं कडेवरून खाली गेला आणि भोकात बोट अडकलं. ती थबकली. भोकाची कड चाचपली. "सगुणे," ती म्हणाली, "ही नानाची नाव न्हवं का?"

सगुणाबाई चुलीपासून उठली, जवळ आली. तिनं माझ्यावरचा सांडलेला चहा पदरानं पुसला. दसऱ्याच्या तेलानंतर माझ्या अंगाला लागलेलं ते पहिलं प्रेम.

टॅक्सी सुटली. शिवानीनं खिडकीतून हात बाहेर काढला. बया बसल्या जागेवरून म्हणाली, "हात आत घे. ट्रक न्हील."

पोरीनं हात आत घेतला नाही. पुढं गाड्यांत टॅक्सी मिसळेपर्यंत तो बाहेरच होता.

बया अंधारून येईपर्यंत माझ्यावर बसून राहिली. ट्रक जात होते, कंटेनर जात होते, आणि मी हलत नव्हते. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच.

मित्रांनो, मला तेल नको, झेंडू नको. कधी बाकडं डुगडुगलं, दार करकरलं, घरातलं जुनं कुणी उगाच हात थरथरवत बसलं, तर शिवी देऊन उठू नका. वाकून बघा, पायाखालचं काय निसटलंय. विटेचा तुकडा अजून जागेवर आहे, पण रस्ता मोठा आहे आणि ट्रक थांबत नाहीत. शिवऱ्याला आलात, तर बसण्याआधी तेवढा दाबून बघा.