अडवून ठेवलेले आवाज

धुळ्याच्या टेलिफोन एक्स्चेंजमधून निवृत्त झालेल्या सुगंधाबाईंना एकाहत्तराव्या वर्षी पुन्हा कानाचं काम मिळालं होतं. एका कंपनीकडून कॉम्प्युटरवर शेतकऱ्यांचे खानदेशी बोलीतले आवाज यायचे. ते ऐकायचे आणि जसेच्या तसे लिहून द्यायचे. धुळ्या-जळगावकडचे बरेच लोक कंपनीच्या त्याच एका यादीतून कामं उचलत.

गेले आठ दिवस बाईंकडे कामांचा तोटा नव्हता. आपलं नाव झालं, असं त्या शेजारणींना ऐटीत सांगत होत्या. सोमवारी सकाळी खातं बंद! स्क्रिप्टचा, म्हणजे आपोआप चालणाऱ्या छोट्या प्रोग्रामचा, गैरवापर झालाय, तीन दिवसांत खुलासा द्या, नाहीतर खातं कायमचं जाईल, असा कंपनीचा निरोप होता.

कॉम्प्युटर बसवून देणारा भाचा हितेंद्र दुकान सोडून आला.

"मावशी, लिहून टाक, मला काही माहीत नाही. कोणीतरी खात्यात घुसलं."

"कोण घुसलं?"

हितेंद्रने मान खाली घातली. "मीच दोन स्क्रिप्ट टाकल्या होत्या. एकीने अक्षरं मोठी दिसतात आणि एका बटणात आवाज मागे जातो. दुसरी दर सेकंदाला यादी बघते आणि नवं काम आलं की तुझ्या नावावर अडवते."

"आणि बाकीच्यांना?"

"त्यांना ते दिसतच नाही."

बाईंना कापसाचा व्यापारी प्रेमराज शेठ आठवला. कापसाच्या हंगामात मुंबईचा भाव दुसऱ्या कोणाला आधी कळू नये म्हणून हा गडी चार नावांनी ट्रंक कॉल नोंदवून लाइन अडवायचा. एक्स्चेंजच्या बोर्डावर तेव्हा तरुण सुगंधाबाई होत्या. "शेठ, तुमच्या चारही नावांना एकच खोकला कसा?" असं विचारून त्यांनी कॉल-नोंदणीची तीन तिकिटं फाडली होती.

"हितेंद्र, आठ दिवस मीच प्रेमराज शेठ झाले होते की रे."

"कोण शेठ?"

"ती दुसरी आत्ताच्या आत्ता काढ. आणि नियम वाचून दाखव."

नियम सरळ होता. स्वतःचं काम सोपं करणारी स्क्रिप्ट चालेल. कामं अडवणारी किंवा माणसाऐवजी उत्तर देणारी चालणार नाही. बाईंनी खुलासा स्वतः लिहिला. दुसरी स्क्रिप्ट माझ्या खात्यावर होती, ती काढली आहे. काम न शोधता येतंय तेव्हाच मी विचारायला हवं होतं. माझ्या नावावर बावीस आवाज अडकून आहेत, ते इतरांना सोडा. पहिली मात्र मी ठेवणार. माझ्या डोळ्यांना ती लागते आणि तुमच्या नियमात बसते.

"अगं, स्वतःच्या हाताने कबुली? गेलं समज खातं!"

"गेलं तर खरं सांगून गेलं. पाठव."

बुधवारी दुपारी उत्तर आलं. खातं सुरू. महिनाभर एका वेळी एकच काम घ्यायचं. मोठ्या अक्षरांना हरकत नाही.

हितेंद्र शेजारी बसला आणि बाईंनी कानाला हेडफोन लावला. यादी बराच वेळ कोरी होती. मग सोनगीरचा कोणी कपाशीची सगळी पानं लाल झाल्याचं सांगू लागला, "मन्ही कपाशीना बठ्ठा पानं लाल व्हयी ग्यात..." पुढचा शब्द वाऱ्यात गेला. बाईंनी आवाज मागे नेला, पुन्हा ऐकला, पुन्हा मागे नेला. तेवढ्यात यादीत तीन कामं आली आणि बघता बघता दुसऱ्यांनी उचलली.

"मावशी, गेली बघ तिन्ही! तू याच्यातच अडकलीस."

"हळू बोल रे," बाई म्हणाल्या. "याचं अजून संपलं नाही."