मनकर्णाआत्याचा आवाज

मी एक जुना संगणक आहे. मित्रांनो, माझ्या पोटातला पंखा जरा घरघरतो, हे आधीच सांगून ठेवतो. नाहीतर तुम्हाला वाटेल, मी बोलता बोलता दमलो. मी नेवाशात राहतो, कानिफनाथ गुरुजींच्या घरी, खिडकीजवळच्या टेबलावर.

माझे सुटे भाग नगरच्या एका दुकानात जोडले गेले. गुरुजींची मुलगी ज्ञानेश्वरी दहावी झाली, तेव्हा टेम्पोत गादीवर ठेवून मला घरी आणलं. ज्ञानेश्वरीच्या आईनं, चांगुणाकाकूंनी, मला हळदकुंकू वाहिलं. निकालाच्या दिवशी सगळी आळी माझ्यापुढे गोळा व्हायची. पास झालेली पोरं माझ्याच डोक्यावर थाप मारून जायची, जणू पेपर मीच लिहिले होते! दसऱ्याला झेंडूची माळ मिळायची. त्या दिवसांत माझा तोरा काही विचारू नका.

मग ज्ञानेश्वरी शिकायला पुण्याला गेली. तिला लॅपटॉप मिळाला आणि माझ्यावर काकूंनी विणलेलं झाकण पडलं. झाकणावर इस्त्रीचे कपडे आले, त्यावर औषधांच्या बाटल्या आल्या. कित्येक महिने मला कुणी सुरूच केलं नाही. वाईट वाटायचं, पण सांगणार कुणाला?

मला पुन्हा जाग आणली ती ज्ञानेश्वरीच्या लग्नानं. विधी चालू असताना भटजींनी विचारलं, “मुलीच्या पणजोबांचं नाव?” ते आमच्या गुरुजींनी सांगितलं. कुणीतरी मागून हौसेनं विचारलं, “आणि त्यांच्या वडिलांचं?” ते गुरुजींना ठाऊक नव्हतं. आयुष्यभर शाळेत पोरांना इतिहास शिकवला आणि घरचा इतिहास मुलीच्या पणजोबांपाशीच संपला, हे त्यांच्या मनाला लागलं. पाहुणे पांगल्यावर त्यांनी माझ्यावरच्या बाटल्या उचलल्या, धूळ पुसली आणि बटण दाबलं. मी सुरू झालो. ते चांगुणाकाकूंना म्हणाले, “अगं, अजून चालतोय!”

तेव्हापासून गुरुजींना वंशावळीचा नाद लागला. एका बोटानं मराठी टाइप करायला ते शिकले. मोटारसायकलवर गावोगावच्या पाहुण्यांकडे जायचे, जुने फोटो मागून आणायचे, म्हाताऱ्या माणसांचं बोलणं मोबाईलमध्ये भरून घ्यायचे आणि घरी आल्यावर सगळं माझ्याकडे सोपवायचे. मोबाईलमध्ये जागा पुरायची नाही, म्हणून तिथलं पुसून टाकायचे. माझ्यावर त्यांचा एवढा विश्वास होता.

माझ्याकडे आलेल्या आवाजांत सगळ्यात ठसकेबाज आवाज होता मनकर्णाआत्याचा. ती गुरुजींच्या वडिलांची, म्हणजे रामहरीबाबांची बहीण. राहायला पाथर्डीकडे, मुलगा आसाराम याच्याजवळ. त्या पिढीतलं तेवढं एकच माणूस उरलं होतं. तिच्याकडून गुरुजींना पणजोबांच्याही मागची नावं मिळाली.

आणि त्याच आत्याला पुढच्या हिवाळ्यात अर्धांगवायूचा झटका आला. जीव वाचला, पण वाचा गेली. आसारामनं तिला उपचारासाठी आमच्याकडे आणून सोडलं. माझ्यासमोरच्या खाटेवर ती दिवसभर बसायची. काही विचारलं की नुसतं “हं” म्हणायची आणि तोंड फिरवायची. जिच्या बोलण्यापुढं कुणाची डाळ शिजत नव्हती, ती बाई अशी मुकी बसलेली बघवत नव्हती.

त्याच सुमारास ज्ञानेश्वरी बाबांसाठी नवा संगणक घेऊन आली. पातळ, चकचकीत, जराही आवाज न करणारा. इंटरनेटची नवी तारही घरात आली.

“बाबा, हा डबा आता भंगारात द्या,” ती म्हणाली.

“देऊ गं. आधी त्याच्यातलं सगळं ह्याच्यात येऊ दे,” गुरुजी म्हणाले.

मी समजलो, आपली वेळ झाली. निदान जवळचं सगळं नीट सोपवून जाऊ, एवढंच मनात होतं. पण त्या दिवशी सकाळपासून वीज सारखी जात-येत होती. गुरुजींनी मला सुरू केलं, दिवा लुकलुकला, आतून ‘फट्’ असा आवाज आला आणि मी बंद पडलो.

पुढचं मला नंतर घरातल्यांच्या बोलण्यातून कळलं. गुरुजी पुन्हा पुन्हा बटण दाबत राहिले. ज्ञानेश्वरी म्हणाली, “दुसरीकडे कुठं ठेवलं असेल ना तुम्ही?”

“कुठंच नाही गं,” गुरुजी खाली बसले. “आत्याचं बोलणं ह्याच्यातच होतं. आता ती पुन्हा बोलायची नाही.”

खाटेवरची आत्या सगळं ऐकत होती. तिच्या डोळ्यांतून पाणी आलं, तशी ज्ञानेश्वरी उठली. भंगाराचं नाव न काढता तिनं मला ओढणीत गुंडाळलं आणि रिक्षातून सुहासच्या दुरुस्तीच्या दुकानात नेलं. गुरुजी बरोबर होतेच. सुहासनं मला उघडलं, हुंगून पाहिलं.

“पॉवर सप्लाय जळालाय, गुरुजी. हार्ड डिस्क वाचली असंल तर सगळं मिळंल. नसंल तर मात्र अवघड हाय.”

त्यानं दुसरा पॉवर सप्लाय लावला. मी डोळे उघडले तेव्हा समोर गुरुजींचा चेहरा होता, अगदी पांढराफटक. पडद्यावर एकेक करून सगळी नावं उमटली. ज्ञानेश्वरीनं बाबांच्या पाठीवरून हात फिरवला आणि गुरुजींनी केवढा तरी मोठा श्वास सोडला. मित्रांनो, माझाही पंखा तेव्हा जरा जास्तच फिरला!

घरी आल्यावर गुरुजींनी आधी आत्याचाच आवाज लावला.

“कानिफ, आदी च्या पी. गार हुतोय. मंग विचार काय विचारायचं ते!”

खाटेवर आत्यानं मान वळवली. स्वतःचाच दरडावणीचा आवाज ऐकून तिच्या ओठांच्या एका बाजूला हसू आलं. काकू पदर तोंडाला लावून हसत होत्या, रडतही होत्या. पुढं जात्यावरची ओवी लागली:

प्रवरेच्या काठी बाई, लिंबाची गं साउली
रामहरी बंधवाची वाट पाहते माउली

दुसऱ्यांदा ओवी लागली तेव्हा आत्याचे ओठ हलले. “साउली” म्हणताना आवाज फाटला, पण शब्द आला. मग “माउली” आला. गुरुजी जागेवरच उभे राहिले.

डॉक्टर म्हणाले, “असं होतं कधी कधी. बोलणं अडतं, पण गाणं सुटतं. रोज ऐकवा.”

रोज ऐकवलं. ज्ञानेश्वरीनं माझ्यातलं सगळं नव्या संगणकात भरलं, वर आणखी एक प्रत पुण्याला नेली. तरी काकूंनी मला हलू दिलं नाही. “आत्याबाईंना ह्याच्या घरघरीची सवय झालीय. राहू द्या त्याला,” म्हणाल्या.

एका दुपारी आत्या अचानक म्हणाली, “कल्याण.”

“कोण कल्याण, आत्या?” गुरुजींनी विचारलं.

“भाऊ... धाकला. चालाया लागला... आन् गेला. माझ्या मांडीवं.”

या भावाचं नाव घरात कुणालाच ठाऊक नव्हतं. गुरुजींनी नव्या संगणकावर रामहरीबाबांच्या शेजारी एक चौकट काढली आणि एका बोटानं लिहिलं: कल्याण. आत्यानं पडद्याकडं बघितलं. किती तरी वर्षं एकटीनं सांभाळलेलं काहीतरी खाली ठेवावं, तशी ती उशीला टेकली आणि शांत झोपली.

मित्रांनो, घरात नवी यंत्रं जरूर आणा. ती आमच्याहून हुशार असतात, त्याचं मला वाईट वाटत नाही. फक्त जुन्याला बाहेर काढण्याआधी त्याच्या पोटात काय आहे ते बघा, आणि जपायचं ते एकाच ठिकाणी ठेवू नका. आणि घरात कुणी म्हातारं माणूस असेल, तर हे वाचून झालं की त्याच्याजवळ जाऊन बसा. माझं काय, बटण दाबलं की मी बोलतो. त्यांना कुणीतरी विचारावं लागतं.