प्यायला की स्वयंपाकाला

"प्यायला की स्वयंपाकाला?" फुसाएबाईंनी विचारलं.

"हिरवा," समोरची मुलगी फोनमधून मान वर न करता म्हणाली.

माचा, म्हणजे हिरव्या चहाची पूड, सगळाच हिरवा असतो. पण हे सांगत बसायची आता परवानगी नव्हती. दुकानाची रांग दारातून निघून पार पुलाकडे वळली होती आणि धाकट्या मालकांनी सोमवारपासून पाटी लावली होती: माणशी एकच डबा, घरचे जुने डबे भरून मिळणार नाहीत. तिसरा नियम पाटीवर नव्हता, तो फक्त फुसाएबाईंसाठी होता. तो प्रश्न विचारायचा नाही. प्रश्नापायी दर गिऱ्हाइकामागे अकरा सेकंद जातात, हे धाकट्या मालकांनी घड्याळ लावून पाहिलं होतं. व्यवस्थापन शिकून आलेल्या माणसाला काहीतरी मोजावंच लागतं.

बाईंनी ते अकरा सेकंद एकतीस वर्षं खर्च केले होते. चहासाठी अख्ख्या जपानात नावाजलेल्या आमच्या उजीत चहाच्या दुकानात नोकरी करणं ही काही सांगण्यासारखी गोष्ट नाही. न करणं ही आहे. पण बाई प्रत्येकाला पहिल्यांदाच सांगत असल्यासारखं सांगत. रोज प्यायचा माचा सावलीत वाढवलेल्या कोवळ्या पानांचा, रंगाने दाट, चवीला गोडसर. स्वयंपाकाचा पिवळट आणि कडू, कारण दूध-साखरेशी भांडायचं तर अंगात कडूपणा हवा. भारीतला केकात घालणं ही उधळपट्टी आणि हलका नुसत्या पाण्यात पिणं ही शिक्षा. पाणी उकळतं नको, पूड चाळून घ्या, गोल ढवळू नका, बांबूची घुसळणी मागेपुढे चालवा. लोक माना डोलवत आणि घरी जाऊन गोल ढवळत.

त्या सकाळी सव्वाआठला, दुकान उघडायच्या आधी, मागच्या दाराने कुसुनोकी मास्तर येऊन गेले होते. शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेले, वय एकोणऐंशी, बायको जाऊन तीन वर्षं झालेली. दर पाच तारखेला ते आपला चेपलेला पत्र्याचा डबा भरून न्यायचे. नियमाप्रमाणे बाईंनी त्यांना परत पाठवायला हवं होतं. त्याऐवजी त्यांनी दिवा न लावता, माडीवरच्या मालकांच्या पावलांकडे कान ठेवून, बरणीतून चाळीस ग्रॅम पूड पांढऱ्या कागदावर घेतली आणि डब्यात ओतली. मास्तर वाकले. बाई त्याहून जास्त वाकल्या. मास्तर गेले.

साडेअकराला टाकून द्यायला म्हणून तो कागद उचलला आणि बाईंनी तो खिडकीच्या उजेडात पाहिला. घडीत राहिलेली पूड पिवळट होती. बरण्या शेजारी शेजारी होत्या. अख्ख्या गावाला विचारलेला प्रश्न त्यांनी नेमका त्या सकाळी स्वतःला विचारला नव्हता.

मास्तर माच्याचा पहिला वाडगा बरोबर दहाला घेतात. बाईंनी फोन लावला. वाजून वाजून बंद पडला. पुन्हा लावला, तसाच. मग धाकट्या मालकांकडे जाऊन खरं ते सांगितलं आणि अर्ध्या तासाची सुट्टी मागितली. मालक रागावले नाहीत, हे जास्त वाईट झालं.

"अहो फुसाएबाई, कुणाला कळतंय? यातले निम्मे लोक दुधात घालून वर साखर ओतणार."

"मास्तर दूध घालत नाहीत."

"ऐंशीच्या घरातली जीभ ती. नाही कळणार. जा, रांग बघा."

बाई रांग बघायला गेल्या, पण त्यांना दिसत होता तो कागद. मास्तरांना कळलं असेल, तर एकतीस वर्षांचा विश्वास एका वाडग्यात बुडाला. कळलंच नसेल, तर ते आणखी भयंकर. मग एकतीस वर्षं आपण कुणाला काय विचारत होतो? एकाला त्यांनी डब्याशिवाय पिशवी दिली, एकीला पिशवीशिवाय डबा. खालच्या फळीसाठी वाकल्या आणि कशाला वाकलो ते विसरून तशाच उठल्या. दुपारचा भाताचा गोळा खाल्ला की नाही, हे डब्यात पाहून ठरवावं लागलं. अर्धा उरला होता. मधून मधून फोन लावत होत्या. तो कुणी उचलत नव्हतं.

साडेपाचला त्यांनी नोकरांच्या वाट्याचा आपला महिन्याचा डबा घेतला, प्यायचा, दोनदा लेबल वाचून, आणि सायकल नदीपलीकडे हाणली.

मास्तर दाराशी बूट काढत होते, नुकतेच बाहेरून आलेले. शेजारी कापडी पिशवी.

"फुसाएबाई? बरं झालं आलात. तुम्हाला विचारायचंच होतं. जिभेची चव बिघडली, तर परत येते का हो?"

बाईंना सायकल उभी करणं जमेना.

मास्तरांनी गणितातल्या सिद्धतेसारखं क्रमाने सांगितलं. दहाचा वाडगा कडू लागला. पाणी गरम झालं असेल म्हणून निववून पुन्हा केला. कडू. पूड दोनदा चाळून केला. कडू. मग घुसळणी बदलली.

"दुकान चुकणं शक्यच नाही. म्हणजे उरलो मी. साधं गणित आहे."

बायकोचंही असंच सुरू झालं होतं, ते म्हणाले. एका सकाळी मिसोचं सूप कडू लागतंय म्हणाली, आणि चार महिन्यांत गेली. म्हणून ते दिवसभर दवाखान्यात बसून आले. डॉक्टरांनी मोठ्या इस्पितळाच्या नावाने चिठ्ठी दिली होती. पिशवीत विम्याचं कार्ड, टॉवेल आणि दोन बनियन होते. दवाखान्यात ठेवून घेतलं तर असावेत म्हणून सकाळीच भरलेले.

बाई पायरीपाशी इतक्या वाकल्या की त्यांचं कपाळ लाकडाला लागलं.

"जीभ ठीक आहे तुमची, मास्तर. मी चुकले. तो स्वयंपाकाचा होता."

मास्तरांनी हातातला बूट खाली ठेवला.

"म्हणजे कडूच होता?"

"कडूच."

"नक्की?"

"नक्की. तो कडूच असतो."

मास्तर पायरीवर बसले. पिशवीतून एक बनियन काढून त्यांनी मांडीवर पसरलं, हाताने सारखं केलं आणि ते तसंच ठेवून दिलं. डोळे त्यांनी टॉवेलला पुसले नाहीत, बाहीला पुसले.

बाईंनी आपला डबा पुढे केला आणि चुकीची पूड परत मागितली. मास्तरांनी नवा डबा घेतला, चुकीची पूड काही दिली नाही. तिचं करतात काय, असं विचारलं. मैदा, एक अंडं, दूध, दोन चमचे पूड, मंद आचेवर धिरड्यासारखं, बाईंनी सांगितलं. मास्तरांनी आयुष्यात चूल पेटवली ती चहाच्या पाण्यापुरती. त्यांनी खिशातून डॉक्टरांची चिठ्ठी काढली, उलटी केली आणि मागच्या बाजूला पेन्सिलीने सगळं लिहून घेतलं. 'मंद'खाली रेघ मारली.

पुढच्या महिन्याच्या पाच तारखेला मास्तर पुढच्या दाराने आले. पाऊण तास रांगेत उभे राहिले. धाकटे मालक गल्ल्याशीच होते.

"प्यायला की स्वयंपाकाला?" फुसाएबाईंनी मोठ्याने विचारलं.

"प्यायला."

डबा घेऊन मास्तर बाहेर पडले, पुलापर्यंत चालत गेले आणि, माणशी एकच डबा म्हणून, रांगेच्या शेवटी पुन्हा उभे राहिले. पुन्हा काउंटरशी पोचले तेव्हा त्यांनी टोपी काढून हातात घेतली होती. बाईंनी ओळख दाखवली नाही.

"प्यायला की स्वयंपाकाला?"

मालकांनी घड्याळाकडे पाहिलं. मास्तरांनीही पाहिलं. चांगले अकरा सेकंद विचार केला.