घरोघरची कावीळ

एक्क्याण्णव सालापासून मी ब्लड कॅन्सरच्या जनुकांवर संशोधन करते आहे आणि तेव्हापासून लोक माझ्याशी खोटं बोलताहेत. एकाच घरात दोघांना हा आजार झाला असेल, तर त्या घरातल्यांचं रक्त मला तपासायचं असतं. पण गिरडपासून जामपर्यंत कुठल्याही गावी जा, उत्तर एकच: "कॅन्सर? नाई जी म्याडम, कावीळ होती." पोरींची लग्नं मोडतील ना! या जिल्ह्यात माणसं जणू फक्त काविळीनंच मरतात. डोकं आपटून घ्यावंसं वाटतं.

परवा सिंदीला माझ्या भाचीला, अंजूला, पाहायला पाहुणे आले. चहा झाला. मुलाचे वडील मधुकरराव भिंतीवरच्या हार घातलेल्या फोटोकडे बघत म्हणाले, "हे काऊन गेले जी, इतक्या लहान वयात?"

फोटो माझ्या धाकट्या भावाचा, योगेंद्रचा. त्याची बिघडलेली गुणसूत्रं मी स्वतः सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली होती.

"कावीळ झालती त्याले," माझ्याकडे न बघता आई म्हणाली.

माझं डोकंच फिरलं. मी तोंड उघडणार, तेवढ्यात मधुकररावांनी सुटकेचा निःश्वास टाकला.

"आमच्या घरीबी तेच. पयले माह्या भावाले झाली, मंग त्याच्या पोराले. दोघायच्याबी नाकातून रक्त याचं. कावीळच ते, दुसरं काय!"

इतकी वर्षं मी जे घर शोधत होते, ते माझ्यासमोर बसून चिवडा खात होतं.