आतून लाल सफरचंद

सांगलीच्या बाजारात मोहिद्दीनच्या गाळ्यापुढं हिंडून हिंडून दमलेल्या जोतिबानं बूड टेकलं. मोहिद्दीन फळांचा व्यापारी. मुंबईहून पेटी आली की जोतिबासाठी त्यातलं एक सफरचंद कापायचाच. आजही कापलं. आतून पांढरं.

"गड्या, सारी पेठ मला येडा म्हणाय लागलीया," मोहिद्दीन म्हणाला. "माल इकायचा सोडून चिरत बसतोय. तू खरंच बघितलंयस न्हवं?"

"बघितलंय कसलं, खाल्लंय."

खाल्लं होतं ते लढाईत, इटलीच्या डोंगरात. माणसं पळून गेलेली एक वाडी होती, तिथं ते झाड. त्याच्या पलटणीतल्या नाथाजीनं एक फळ दातानं फोडलं आणि दचकून हातभर लांब धरलं. आतला गर लालभडक, डाळिंबाच्या दाण्यागत. चव आंबटगोड, मागनं करवंदाचा वास. नाथाजी डोळे मिटून चघळत राहिला. "आईला एक न्यावं," म्हणाला. त्याच आठवड्यात तोफेच्या गोळ्यानं गेला.

दोघं पलूसजवळच्या एकाच गावचे. तार आली तरी नाथाजीच्या आईनं, राहीबाईनं, ती मानली नव्हती. जोतिबा एकटा परत आला तेव्हा मानली. तिला बरं वाटावं म्हणून तो त्या फळाची गोष्ट सांगून बसला. नको तिथं शहाणपणा.

आमच्याकडं माणूस गेलं की भावकी येऊन घरच्यांचं तोंड गोड करते. मग दुःख फिटलं असं धरायचं. तोवर त्या घरात हळद नाही, लग्न नाही. भावकी शिरा घेऊन आली तेव्हा राहीबाईनं ताटली मागं सारली.

"माझ्या लेकानं शेवटचं जे गोड खाल्लं, त्येच खाईन. तवर न्हाई."

नाथाजीची बहीण अंजना लग्नाला आलेली. सोयरीक जमलेली, ती टांगून राहिली. नवऱ्याकडची माणसं एक दिवाळी थांबली, दुसरीला थांबणार नव्हती. आणि फळ कुणी बघितलेलं? एकट्या जोतिबानं. मग हिंडणार कोण? तोच. लढाई संपली म्हणून सरकारनं त्याला सोडलं, पण गावानं पुन्हा मोहिमेवर धाडलं. गावात तर सफरचंद म्हणजे दवाखान्यात न्यायचं फळ. आतून लाल म्हटल्यावर चावडीवर हसायचे. "पेरू असंल रं! तिकडची दारू लय चढली वाटतं."

नाथाजीचा चुलता आप्पासो त्याहून पुढचा. "पांढरंच आण की," तो एकदा कानाशी येऊन म्हणाला. "बिटाच्या रसात बुडीव. म्हातारीला काय कळतंय?"

"मेलेल्याच्या नावानं रंगपंचमी करता व्हय, आप्पासो?" जोतिबा ओरडला. चार लोकांनी वळून बघितलं.

इकडं गाळ्यावर मोहिद्दीननं पांढरी फोड स्वतःच्या तोंडात टाकली. "पाचगणीला जाऊन बघ. गोऱ्यांनी बंगल्यात इलायती झाडं लावलीत. तिथं न्हाई तर कुठंच न्हाई."

जोतिबा गेला. मोटारीनं वाईपर्यंत, पुढं पायी घाट. फाटकाफाटकावर त्याला हाकललं. ज्या साहेबांसाठी मरायला गेलो त्यांच्या कुत्र्यांनी अंगावर यावं, ही आमची पेन्शन! शेवटी एका बंगल्यातला माळी भला निघाला. साहेब विलायतेला जायच्या गडबडीत होता, बागेकडं त्याचं लक्ष नव्हतं. कोपऱ्यात काळपट पानांचं एक झाड. फळं लिंबाएवढी.

"फुलांसाठी ठेवलंय," माळी म्हणाला. "फळाला माकडंबी तोंड लावत न्हाईत."

जोतिबानं एक फोडलं. आतून लाल. मग चावलं, तर तोंड आवळून आलं. आंबट, तुरट, कडसर. ते नव्हतं. तरी त्यानं रुमालात मूठभर बांधली, कारण रिकाम्या हातानं घाट उतरायचं बळ नव्हतं.

राहीबाईनं विळीवर फळ चिरलं. अंजना दारात उभी, आप्पासो ओट्यावर. लाल गर बघून म्हातारीचा हात थांबला. तिनं फोड तोंडात घातली. हळूहळू चावली.

"ह्ये न्हवं."

"न्हाई, मावशी."

"मग हुडीक आजून."

जोतिबाचं डोकं फिरलं. "कुठं हुडकू? आवं, न्हाई घावायचं ते! त्यो मुलूख तिकडं ऱ्हायला, नाथाबी तिकडंच ऱ्हायला. म्या दमलो. ह्या पोरीचं लगीन मोडलं तरी माझ्याच्यानं हुयाचं न्हाई!"

आप्पासो उठून उभा राहिला. राहीबाई मात्र जोतिबाकडं टक लावून बघत होती. तो गावी आल्यापासून तिच्याशी सगळे गोडच बोलत होते. सरकारनं छापील कागद धाडला, पितळी बिल्ला धाडला आणि हात झाडले. नाथाजीच्या देहाचं पुढं काय झालं ते कुणी सांगितलं नव्हतं, तिनंही विचारलं नव्हतं.

"जाळलं का पुरलं त्येला?" तिनं विचारलं.

जोतिबा खाली बसला. "जाळलं. अग्नी म्या दिला."

"लाकडं?"

"गोळ्यानं त्ये सफरचंदाचं झाडबी आडवं केलं हुतं. त्येच फोडलं. आतनं लाल निगालं."

राहीबाई रडली नाही. विळीवरची उरलेली फोड तिनं बियांसकट खाल्ली. मग पदरानं तोंड पुसून म्हणाली, "अंजे, गूळ आण."

अंजनानं आणलेला खडा तिनं फोडला आणि पहिला तुकडा जोतिबाच्या तोंडात कोंबला. "तुझं तोंड कुणी गोड केलंच न्हाई. घरी येऊन लागलास हिंडाय." दुसरा स्वतःच्या तोंडात टाकला.

आप्पासोनं घसा खाकरला. "मग म्हूर्त बघायला..."

"गप की जरा," राहीबाई म्हणाली. "उद्या बोलू. पोराला निजू दे."

जोतिबा भिंतीला टेकून बसल्या जागी झोपला होता. गूळ अजून तोंडातच होता.