पाटावर मांडलेला कीबोर्ड

मी कीबोर्ड बोलतोय. खरं म्हणजे आज मी बोलायचं नव्हतं. आज खंडेनवमी. पूजेला मांडलेल्या हत्याराला उद्या दसऱ्यापर्यंत विसावा असतो, कुणी हात लावायचा नसतो. माझ्या पट्ट्यांवर हळदकुंकू आहे, वर झेंडूचं फूल आहे आणि मी दोन पाटांवर आडवा आहे, कारण एका पाटावर मावत नाही. तरी सांगतो. पाच वाजत आलेत. सात वाजता देवीच्या मंडपात मला वाजायचंय, आणि जिनं वाजवायचं ती मुलगी माझ्यासमोर मान खाली घालून बसली आहे.

मला लातूरला आणलं बापूसाहेबांनी, १९९२ साली. ते शाळेत संगीत शिकवत. मला ‘विजेची पेटी’ म्हणत. पुढच्याच वर्षी भूकंप झाला. मग ते मला मांडीवर घेऊन एसटीनं पत्र्याच्या शेडमधल्या शाळेत न्यायचे. तिथं वीज नसे, माझ्यात सेल घालत. मुलं गाणं म्हणत. बाहेरून ट्रक गेला आणि जमीन थरथरली, की सगळी गाणं अर्ध्यावर टाकून उघड्यावर पळत. बापूसाहेब रागवत नसत. ती परत येईपर्यंत माझी एक पट्टी तशीच दाबून धरत. तो एकच सूर मी किती वेळ धरला असेल! तेव्हाचा थकवा अजून अंगात आहे.

पुढं लातुरात क्लासेसचं पीक आलं. शाळेतला संगीताचा तास विज्ञानाला गेला. बापूसाहेब निवृत्त झाले, घरातल्या खोल्या त्यांनी बाहेरगावच्या मुलींना भाड्यानं दिल्या आणि मी माळ्यावर गेलो. नऊ वर्षं तिथं होतो. खालून पाठांतर ऐकू यायचं. मुली बदलायच्या, पाठांतर तेच.

गेल्या वर्षी जळकोटकडून वर्षाराणी क्लाससाठी इथं राहायला आली. वहीला कव्हर घालतानाही आवाज होऊ न देणारी मुलगी. यंदा जूनमध्ये बापूसाहेबांचा जुना विद्यार्थी श्रीनाथ आला.

“सर, ती पेटी देता का? आमच्या रॉक बँडचा कीबोर्डवाला पुण्याला गेला, इंजिनिअरिंगला.”

“पेटी देतो. वाजवणारा आहे का?”

“त्योच तर न्हाई ना!”

दाराआडून बारीक आवाज आला, “मी वाजवू का? गावात भजनाला पेटी वाजवते मी.”

“भजन न्हाई हे. लई जोरात असतंय.”

“भजनबी जोरातच असतंय.”

बँडचं नाव ‘पत्रा’, कारण सराव पत्र्याच्या गोदामात. दर रविवारी क्लासची परीक्षा झाली, की ती मला घेऊन तिथं जायची. तिच्या वडिलांना, शेषेरावांना, यातलं काही माहीत नव्हतं. त्यांनी एकच बजावलं होतं, “ए बॅचमधून खाली आलीस, की सामान बांधायचं.” ती अजून ए बॅचमध्ये आहे, पण नंबर अकरावरून चौतिसावर घसरलाय.

आज सकाळी शेषेराव झेंडू घेऊन आले. तिची पुस्तकं मांडली, कंपास मांडला, मग मला पाहिलं.

“हे कुणाचं?”

“सरांचं,” ती म्हणाली.

“असू दे, हेबी हत्यारच की.” त्यांनी मलाही कुंकू लावलं. “आता उद्या सोनं वाहिल्याबिगर कशाला हात लावायचा न्हाई. अभ्यासबी न्हाई. एक दिवस डोकं शांत ठेव, बाई.”

इतक्या मायेनं म्हणाले, की तिनं संध्याकाळचा विषयच काढला नाही. कार्यक्रमाची तारीख ठरवताना श्रीनाथलाही नवमी आठवली नव्हती. दुपारी ती जेवलीही नाही.

हा बघा, श्रीनाथ आलाच.

“अगं, ह्याला पाटावर कशाला बसवलंय? लगीन हाय का ह्याचं?” मग दाराशी बसलेले शेषेराव दिसले आणि त्यानं जीभ चावली.

वर्षाराणी उठून उभी राहिली. “अण्णा, सात वाजता मला हे वाजवायचंय. मंडपात. चार महिने झाले, मी ह्यांच्या बँडमधी हाय.”

“अन् नंबर?”

“चौतीस.”

“मला का न्हाई सांगितलं?”

“सामान बांधायला लावलं असतं तुमी.” तिनं मान वर केली. “बॅच खाली गेली तर क्लासवाल्यांच्या आधी मीच तुमाला फोन करीन, अण्णा. सामानबी मीच बांधीन. पण आजचं वाजवू द्या.”

शेषेराव चेहऱ्यावरून हात फिरवत म्हणाले, “रबीची पेरणी अडली, की नवमीलाबी तिफण उचलावी लागती. पाया पडायचं, माफी मागायची अन् जुपायची. नंबराचं रविवारी बघू.”

ती वाकली. डोकं टेकलं, ओढणीच्या टोकानं पट्ट्या पुसल्या. बोटं गार होती तिची.

मी आता थकलोय. दोन पट्ट्या अडकतात, आवाज मध्येच बसतो. आज नीट वाजेन की नाही, सांगता येत नाही. मागणं एवढंच, तुमच्याही घरात एखादी मुलगी दाराआड उभी असेल, तर तिला एकदा विचारा, की तुला—

“वर्षे, धर तिकडून!” शेषेरावांनी मला एका बाजूनं उचललंच. “अन् तू रं, नुसता बघतो काय? रिक्षा बलव!”